घेवड्याशी बोलणं : बेळगावातल्या वडगावच्या शाळेतल्या एका प्रकल्पाच्या नोंदी

१४ जून

विज्ञान प्रदर्शनासाठी नववीतली तिघं विषय घेऊन आली. दोन मुली, एक मुलगा. घरातल्या झाडांशी बोललं तर ती जोमानं वाढतात का, हा प्रश्न. कुठून सुचला विचारलं तर मोबाईलवरचा एक व्हिडिओ दाखवला. २०१८ साली फर्निचर विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं संयुक्त अरब अमिरातीतल्या एका शाळेत दोन कुंड्या ठेवल्या होत्या. एका झाडाला महिनाभर कौतुकाचे शब्द ऐकवले, दुसऱ्याला टोमणे. टोमणे ऐकलेल्या झाडानं शेवटी मान टाकली. कुणी कुणाला छळू नये हे मुलांच्या मनावर ठसवायला ते ठीक आहे. पण प्रयोग म्हणून बघायचं तर तिथं झाडं दोनच. एकाच पाकिटातल्या दोन बिया एकाच मातीत टाकल्या तरी एक रोप पुढं जातं आणि दुसरं रेंगाळतं, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे.

विषय मला मनापासून आवडला. अट एवढीच घातली की उत्तर आधी ठरवायचं नाही.

१९ जून

मुलींपैकी एकीचं घर मागाचं. पुढच्या खोलीत माग, मागं स्वयंपाकघर, मधल्या चौकात तुळस, अबोली, कोरफड आणि खिडकीवर चढवलेला मनी प्लांट. तिनं आज वर्गात विचारलं, "बाई, आमच्यात दिवसभर माग चालू असतंय. झाडाला ऐकू येत असलं तर आमची झाडं ह्या खटखटीनं मरायला पाहिजे होती की."

हा प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला. मूळ विषयापेक्षा हाच जास्त धारदार आहे.

२२ जून

तिच्या घरी जाऊन आलो आम्ही सगळे. मोबाईलमधल्या ॲपवर मागाजवळ नव्वद डेसिबलच्या वर आकडा गेला, चौकात त्याहून कमी. शेजारी बसून साधं बोललं तर साठच्या आसपास. वीज गेली, माग थांबले, तेव्हा कुठं पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला.

आज्जींना विचारलं, झाडांशी बोलता का. "बोलतो की गं बाई, रोज बोलतो. ऐकतंय ते. बोललं नाही तर रुसतंय." मग त्यांनी बोलून दाखवलं. मी मुलांना आधीच सांगितलं होतं की कान आज्जींच्या बोलण्याकडे ठेवा, डोळे हातांकडे. मुलानं वहीत लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते: पिवळं पान काढलं. मातीत बोट घालून ओल बघितली. मनी प्लांटचं एकेक पान ओल्या फडक्यानं पुसलं. नवीन कोंबावरून दोनदा हात फिरवला. कुंडी थोडी उजेडाकडं वळवली.

फडकं मी स्वतः बघितलं. पांढऱ्या तंतूंनी भरलेलं होतं. मागाच्या घरात सुताची बारीक धूळ उडते आणि रुंद पानांवर तिचा थर बसतो. त्या थराखाली पानाला उजेड कमी मिळतो. आज्जी बोलत बोलत तो थर रोज उतरवतात. शेजारच्या घरातला मनी प्लांट त्याच वेलीचं कलम, पण पानं मळकट आणि लहान. त्या घरात झाडाशी कुणी बोलत नाही, आणि पानंही कुणी पुसत नाही.

या घरात बोलणं आणि फडकं एकत्रच येतं. प्रकल्पाचं सगळं काम त्यांना वेगळं करण्याचं आहे.

२५ जून

आज तासभर फक्त एवढंच: माणूस झाडाशी बोलतो तेव्हा झाडापर्यंत काय काय पोचतं? मुलांनी यादी केली, मी भर घातली. आवाज, म्हणजे हवेतली कंपनं. उच्छ्वास. अंगाची ऊब. हाताचा स्पर्श. वेळेवर पाणी. उजेड, कारण बोलायचं झाड माणूस खिडकीपाशीच ठेवतो.

उच्छ्वासाचा मुद्दा बरेच जण सांगतात, तो आम्ही हिशेबानं तपासला. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के. आपण सोडलेल्या श्वासात सुमारे ४ टक्के, म्हणजे शंभरपट. ऐकायला खूप वाटतं. पण हरितगृहात या वायूचा फायदा घेतात तेव्हा बंद जागेत त्याचं प्रमाण दुप्पट-अडीचपट करून उजेडाचे सगळे तास टिकवून धरतात. उघड्या खिडकीशी दोन मिनिटं बोललं तर श्वास क्षणात विरून जातो. तरीही प्रयोगात तो येऊ द्यायचा नाही असं ठरलं. माणूस समोर नको, फक्त आवाज हवा.

२८ जून

आराखडा पक्का झाला. झाड घेवड्याचं, बाजारात बीन्स म्हणून मिळतो तो, बुटकी जात. मनी प्लांट फार सावकाश वाढतो आणि प्रत्येक कलम वेगळ्या वयाचं असतं. घेवडा आठवड्यात उगवतो आणि महिन्यात काहीतरी सांगतो.

दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, तळाला भोकं, एकाच ढिगातली चाळलेली माती. दोन ट्रे, प्रत्येकात बारा पिशव्या. दोन्ही ट्रे विज्ञानाच्या खोलीत एकाच खिडकीशी, आणि रोज जागा अदलाबदल. एकाच खोलीत एकाला आवाज ऐकवला तर दुसऱ्यालाही जाणार, म्हणून रोज सकाळी एकेक ट्रे मागच्या सामानाच्या खोलीत न्यायचा. एका ट्रेशेजारी मोबाईलवर आज्जींचा आवाज वीस मिनिटं. दुसऱ्या ट्रेशेजारी तोच मोबाईल, तेवढाच वेळ, मुका. उचलताना बसणारा हिसका दोघांना सारखा, मोबाईलची ऊब सारखी, अंधाऱ्या खोलीतला वेळ सारखा.

मुलगा उंची मोजणार आणि कोणता ट्रे कोणता हे त्याला सांगायचं नाही. नाणं उडवून ट्रेला क आणि ख नावं दिली, ती चिठ्ठी माझ्या कपाटात. याचा मुलाला आधी राग आला, त्याला वाटलं आपल्यावर विश्वास नाही. मी सांगितलं की हा नियम जगातल्या मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांना लागू आहे, कारण पट्टी धरणारा हात मनाचं ऐकतो. मग तोच इतरांना समजावून सांगायला लागला.

एका ट्रेला मराठी आणि एकाला कन्नड ऐकवूया असाही प्रस्ताव आला, वर्गातल्या निम्म्या मुलांचे हात वर. आमच्या गल्लीत दोन्ही भाषा दिवसभर कानावर पडतात, त्यामुळे उत्सुकता खरी होती. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाही म्हटलं.

१ जुलै

बिया टोकल्या. आज्जींचं ध्वनिमुद्रण झालं, माग बंद असताना. "ये माझी बाय, मोठी हो, पानं काढ" इथून सुरू करून त्यांनी झाडाला घरातल्या सगळ्यांची खुशाली सांगितली. वीस मिनिटं कधी झाली कळलं नाही.

९ जुलै

उगवण चांगली. ज्या दोन पिशव्यांत बी उगवलं नाही त्यात जास्तीची रोपं लावली. पावसाची झड लागलीय. येळ्ळूर रस्त्याकडची शेतं पाण्याखाली, बळ्ळारी नाला नेहमीसारखा फुगलाय. ज्या मुलांची घरं शेतावर आहेत ती आली नाहीत.

१३ जुलै

पावसामुळं वर्ग अर्धाच भरला, म्हणून तास जगदीशचंद्र बोस यांच्यावर घेतला. हे मला करायचंच होतं. झाडांना प्रेम कळतं असे संदेश फोनवर फिरतात आणि प्रत्येकाखाली बोस यांचं नाव चिकटवलेलं असतं. त्यांनी काय केलं ते बघितलं तर ते या संदेशांपेक्षा कितीतरी मोठं आहे. १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी वनस्पतीच्या पेशीजालात आघातानंतर विजेचा प्रतिसाद उमटतो हे प्रयोगानं दाखवलं. पुढं क्रेस्कोग्राफ तयार केला, वाढीची हालचाल दहा हजार पट मोठी करून दाखवणारा. १९१७ साली कोलकात्यात स्वतःची संस्था उभी केली. लाजाळू आणि पानं हलवणारी तारवनस्पती यांच्यावर वर्षानुवर्षं मोजमापं घेतली. उष्णता, इजा, रसायनं, वीज यांना झाड काय उत्तर देतं, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्येक वेळी समोर यंत्र होतं आणि यंत्रावरची रेघ होती. त्यांचा मान राखायचा तर आपणही रेघ काढली पाहिजे, असं मी मुलांना म्हटलं आणि मला स्वतःला ते बोलताना भरून आलं.

कल्पना मात्र त्यांच्याही आधीची. १८४८ साली गुस्ताव्ह फेशनर या जर्मन विद्वानानं झाडांना आत्मा आणि भावना असतात, त्यांच्याकडं लक्ष दिलं तर ती बहरतात असं मांडलं होतं. १९६६ साली अमेरिकेत क्लीव्ह बॅक्स्टर या खोटं पकडणारी यंत्रं चालवणाऱ्या माणसानं आपल्या कचेरीतल्या ड्रॅसिना या शोभेच्या झाडाच्या पानाला त्याच यंत्राच्या तारा लावल्या आणि झाडाला माणसाच्या मनातलं कळतं असा दावा केला. जगभर गाजला. १९७५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी बॅक्स्टरचा असाच एक प्रयोग काळजीपूर्वक पुन्हा केला, तेव्हा काहीच मिळालं नाही. दुसऱ्याच्या हातून पुन्हा होतो तोच प्रयोग, हे वाक्य मुलांनी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

१८ जुलै

मुलगा धावत आला, "बाई, क मधली रोपं उंच दिसूलालीत!" चिठ्ठी उघडली नाही.

ट्रे बघितला. त्यातली सर्वात उंच रोपं मागच्या रांगेतली, भिंतीकडची. लांबट, फिकट, दोन पेरांमधलं अंतर जास्त. जुलैत इथं दिवस दिवस ऊन पडत नाही. उजेड कमी पडला की घेवडा उंच होतो, खोड बारीक राहतं. म्हणजे उंची आणि सुदृढपणा एकच नव्हे.

इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा २००९ सालचा प्रयोग मुलांनी वाचला होता. टोमॅटोच्या कुंड्यांना हेडफोन लावून वेगवेगळ्या माणसांचे आवाज ऐकवले, बायकांचे आवाज ऐकणारी रोपं पुरुषांचे आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा सरासरी इंचभर जास्त उंच झाली, आणि चार्ल्स डार्विन यांच्या खापरपणतीचा आवाज ऐकणारं रोप सर्वात पुढं गेलं. गोष्ट गोड आहे. पण प्रत्येक आवाजाच्या वाट्याला रोपं फारच थोडी होती, आणि मोजली होती ती उंची. आजपासून आमच्याकडे उंचीसोबत खोडाची जाडी, पानांची संख्या आणि शेवटी वाळवून वजन. शिवाय ट्रे बदलण्याबरोबर ट्रेमधल्या रांगाही रोज बदलायच्या.

२५ जुलै

पावसाची सुट्टी. मी आणि शिपाईकाका, दोघांनी ट्रे नेले-आणले. काकांनी आपणहून मोबाईल लावला, वेळ लिहिला, सही केली.

३१ जुलै

मोजणी संपली, रोपं मुळाशी कापली, पिशवीवार कागदी पुड्यांत भरली. ऊन नाही, त्यामुळं वाळवायचं कसं हा प्रश्न होता. शहापुरातल्या एका बेकरीवाल्यांनी भट्टीच्या वर ठेवायला जागा दिली. पावाच्या वासात आमचा घेवडा वाळतोय.

३ ऑगस्ट

वजन सराफाच्या काट्यावर केलं. दुकानदारांनी गिऱ्हाईक थांबवून एकेक पुडी स्वतः ठेवली आणि मुलांना काटा शून्यावर कसा आणायचा ते शिकवलं.

चिठ्ठी उघडली. क म्हणजे आवाजाचा ट्रे.

उंची, जाडी, पानं, वजन, कशातही दोन ट्रेंमध्ये धड फरक नाही. एका ट्रेच्या आतल्या आत रोपारोपांत जेवढी तफावत आहे, तेवढीही दोन सरासऱ्यांमध्ये नाही. आज्जींच्या आवाजानं घेवडा वाढला नाही आणि खुंटलाही नाही.

मागाच्या घरातली मुलगी गप्प झाली. आज्जींना काय सांगायचं म्हणाली. मी म्हटलं, सांगायचं की आवाजाचं उत्तर मिळालं, हातांचं अजून बाकी आहे.

५ ऑगस्ट

वर्गातून आलेला पुढचा प्रश्न: मग झाडाला आवाज कळतच नाही का? इथं मला हातचं न राखता सांगावंसं वाटलं, कारण गेल्या काही वर्षांतलं काम फार सुंदर आहे. २०१४ साली मिसुरी विद्यापीठात हायडी ॲपल आणि रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडाला अळी पान कुरतडते त्याची कंपनं दिली, अळी नसताना. त्यानंतर खरी अळी सोडली तेव्हा त्या झाडांनी बचावाची तिखट रसायनं जास्त बनवली. वाऱ्याच्या किंवा दुसऱ्या किड्याच्या गाण्याच्या कंपनांनी तसं झालं नाही. २०१९ साली तेल अवीवच्या लिलाख हदानी यांच्या गटानं दाखवलं की मधमाशीच्या गुणगुणीनं एका रानफुलातला मध तीन मिनिटांत जास्त गोड होतो. त्याच गटानं २०२३ साली तहानलेली आणि कापलेली टोमॅटोची आणि तंबाखूची झाडं आपल्या कानांपलीकडच्या पट्टीत टिकटिक आवाज करतात हे नोंदवलं. तंबाखू म्हटल्यावर निपाणीकडच्या एका मुलाचे डोळे चमकले. मामाच्या शेतात जाऊन ऐकायचं म्हणाला. कानानं ऐकू यायचं नाही, त्याला खास मायक्रोफोन लागतो, हे सांगावं लागलं.

झाडाच्या जगण्याशी ज्या कंपनाचा संबंध आहे त्याला झाड उत्तर देतं. अळीनं त्याचं पान जातं, माशीनं त्याचं बी धरतं. आपल्या घरच्या खुशालीनं त्याचं काही जात नाही आणि काही येत नाही. मागाच्या खटखटीचंही बहुधा तसंच.

९ ऑगस्ट

पंचमी. शाळेला सुट्टी. दुसऱ्या फेरीच्या बिया कालच टोकून झाल्या.

१८ ऑगस्ट

दुसरी फेरी हाताची. ट्रे पुन्हा दोन. एका ट्रेतल्या प्रत्येक रोपाच्या खोडावरून दिवसातून दोनदा, दहा वेळा हलकेच बोट फिरवायचं, आज्जी करतात तसं. दुसऱ्या ट्रेजवळ तेवढाच वेळ उभं राहायचं, हात लावायचा नाही. न बोलता.

मी याचा आधार मुलांना सांगितला. मार्क जॅफी यांनी १९७३ साली अशाच स्पर्शाचे प्रयोग केले, त्यात घेवडाही होता. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस यांचं काम तर प्रत्येक शाळेत शिकवावं असं आहे. त्यांना झाडावर संप्रेरक फवारून कोणती जनुकं जागी होतात ते बघायचं होतं. तुलनेसाठी काही झाडांवर नुसतं पाणी फवारलं. त्या पाण्याच्या झाडांतही तीच जनुकं जागी झाली. संप्रेरकाचा प्रश्नच नव्हता, फवाऱ्याचा स्पर्श पुरेसा होता. मग वारा, पाऊस, हाताचा स्पर्श, सगळ्यांनी तेच होतं हे त्यांनी दाखवलं. तुलनेचा ट्रे नसता तर हे कधी कळलंच नसतं. आमच्या मुक्या मोबाईलचं महत्त्व मुलांना आज खरं समजलं.

२९ ऑगस्ट

फरक आता नुसत्या डोळ्यांना दिसतो. हात फिरवलेली रोपं बुटकी, पण खोड जाड आणि ताठ. न शिवलेली उंच, थोडी लवलेली. मोजणाऱ्या मुलाला कोणता ट्रे कोणता हे याही वेळी सांगितलेलं नव्हतं, तरी त्यानं ओळखलंच.

कुरवाळल्यानं झाड उंच होईल असं सगळ्यांना वाटत होतं. झाडाच्या दृष्टीनं मात्र हात म्हणजे वारा. वारा लागला की पेशींमध्ये कॅल्शियमची पातळी चढते, जनुकं जागी होतात, पेशी लांबण्याऐवजी खोड भरायला लागतं. जोराच्या वाऱ्यात उंच बारीक खोड मोडतं, हे त्यामागचं कारण. परदेशातल्या काही रोपवाटिकांत टोमॅटोच्या रोपांवरून रोज काठी किंवा ब्रश फिरवतात, रोपं लांबट होऊ नयेत म्हणून. आमच्याकडच्या रोपवाटिकांत पावसाळ्यात ट्रेमधली रोपं बारीक आणि लांब होतात अशी तक्रार नेहमी ऐकते. मुलांच्या घरी शेती आहे, ती हे करून बघणार आहेत.

२ सप्टेंबर

वाळवून वजन केलं. तोच सराफ, तोच काटा. वजनातला फरक उंचीइतका मोठा नाही.

४ सप्टेंबर

आज्जींना सगळं सांगितलं, दोन्ही फेऱ्यांची रोपं कागदावर चिकटवून दाखवली. त्यांनी जाड खोडाच्या रोपावर बोट ठेवलं. "हे चांगलं. हे पावसात पडायचं नाही." मग नातीकडं वळून, "बोलू नको म्हणतंय व्हय तुझं शास्त्र?" ती म्हणाली, "नाही ओ आज्जी. बोला की. पण फडकं विसरू नका." शेजारच्या घरातल्या मनी प्लांटची पानं पुसायचं काम तिनं स्वतःकडं घेतलंय, बोलल्याशिवाय, म्हणजे नुसत्या फडक्यानं काय होतं ते दिसेल. अर्धी पानं पुसायची, अर्धी तशीच ठेवायची, असा तिचाच आराखडा. मी फक्त ऐकून घेतला.

१२ सप्टेंबर

प्रदर्शन झालं. तिघांनी मिळून उत्तरं दिली. परीक्षकांनी विचारलेला सगळ्यात कठीण प्रश्न: बारा रोपांवरून एवढं ठामपणे सांगता येतं का? मुलगी म्हणाली, "आवाजाबद्दल आम्ही एवढंच म्हणतो की परिणाम असलाच तर आमच्या काट्याला दिसण्याएवढा मोठा नाही. हाताचा परिणाम मोठा आहे, तो बारा रोपांतही दिसला." याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं.

१४ सप्टेंबर

फळ्यावरचा पहिला प्रश्न अजून पुसलेला नाही. मागाचा आवाज हवेतून येतो तसा भिंतीतून आणि फरशीतूनही येतो, चौकातल्या कट्ट्यावर तळहात ठेवला तर थरथर जाणवते. ती थरथर खोडापर्यंत पोचत असेल तर तो स्पर्शच झाला, आणि मग मागाच्या घरातला घेवडा बुटका व्हायला हवा. नोव्हेंबरमध्ये ऊन पक्कं झालं की बघायचं: एक ट्रे थेट कट्ट्यावर, एक ट्रे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या तुकड्यांवर, दोन्हींवर उजेड सारखा, पानं रोज पुसलेली. ट्यूबा गोळा करायचं काम मुलाकडं. मागाची सुट्टी, वीज जाण्याच्या वेळा आणि माग चालू असण्याचे तास यांची नोंद त्या घरातले काका ठेवतो म्हणाले आहेत.